खांदा

मैनोद्दीन पेंटर आधी फोटोवर चौकोन पाडायचा,
अर्ध्या इंचाचे, टोकदार पेन्सिलीनं,
मग बोर्डावर तेवढेच, पण वीतभर.
म्हणायचा, पूरा माणूस बघू नको, हात डरतो.
एका वख्ताला एक घर बघ.
एका घरात अर्धी नाकपुडी, एका घरात मिशीचं टोक,
एका घरात नुसताच गाल.
गालाला कुठं आडनाव असतं?

मी तेव्हा त्याच्याकडं ब्रश धुवायला होतो.
सेलूत, मोंढ्याच्या मागं,
सरकीच्या वासात टर्पेंटाइनचा वास.
सगळ्यांचे चेहरे एकाच डब्यातून निघायचे:
गेरू, पिवडी, थोडा पांढरा,
सावलीला चिमूटभर निळा.
निवडणुकीत तीन पक्षांची तीन तोंडं
एकाच भिंतीला टेकून वाळायची.

भुजंगराव गेले तेव्हा नगरपालिकेनं ठराव केला,
सभागृहात तैलचित्र, चार बाय तीन.
बरा फोटो एकच मिळाला,
दुधनेच्या पुरानंतरचा.
राव हसतायत, सदऱ्यावर गाळ,
आणि डाव्या खांद्यावर एक हात.
चार बोटं, एकात तांब्याची अंगठी.
हाताच्या पुढचा माणूस
कुणीतरी कातरीनं आधीच कापलेला.

गावाला ठाऊक होतं, हात कुणाचा.
लिंबाजी घोडक्याचा.
त्या रात्री दोघांनी एका दोराला धरून
सतरा माणसं काढली होती पाण्यातून.

आधी आले रावांचे पुतणे, अंधार पडल्यावर.
"पेंटर, तेवढा हात काढा. तिथं शाल टाका, भरजरी."
नाव घेतलं नाही.
तीन दिवसांनी लिंबाजीचा थोरला आला,
दिवसाढवळ्या, सायकल भिंतीला लावून.
"चाचा, माझ्या बापाचा हात काढ.
वस्ती जळू लालती तव्हा हे राव
माडीच्या खिडकीतून बघू लालते.
त्या खांद्यावर आमचा हात नको."

मैनोद्दीननं दोघांना चहा पाजला,
दोघांना हो म्हणाला.
कित्येक वर्षांत त्या दोन घरांचं
एका गोष्टीवर एकमत झालं होतं
आणि ते त्यांना कुणी सांगितलं नाही.

त्यानं हात पुसला.
शाल टाकली नाही.
सदऱ्याच्या चुण्या ठेवल्या जशाच्या तशा,
बोटांखाली कापड दबतं तशा,
आणि खांदा ठेवला
दोन बोटं खाली.
मी म्हणालो, चाचा, हे चुकलं.
त्यानं ब्रश माझ्या हातात दिला.
"धू."

चित्र लागलं. कुणाला काही दिसलं नाही.
पुढं चित्रावरून पुतळा झाला, तोही डावीकडं कललेला.
गॅदरिंगमध्ये रावांचा पार्ट करणारं पोरगं
खांदा पाडून चालतं,
आणि मास्तर सांगतात,
गावाचा भार उचलून उचलून तसा झाला.
हे ऐकायला मैनोद्दीन उरला नाही.

आता पाथरी रोडला माझं फ्लेक्सचं दुकान आहे.
कुणाला कुणाशेजारून उचलायचं,
कुणाचं डोकं कुणापेक्षा मोठं करायचं,
दीड मिनिटाचं काम.
चौकोन पाडावे लागत नाहीत,
ते गावानंच पाडून ठेवलेत.
या आळीचा बॅनर त्या आळीत टिकत नाही एक रात्र.

परवा पुतण्यांचा नातू आला.
रावांची जन्मशताब्दी, वीस बाय तीस,
मोबाइलात तैलचित्राचा फोटो.
स्क्रीनकडं बघत म्हणाला,
"भाऊ, हा खांदा पडल्यावानी दिसायला. सरळ होतो का?"
होतो, म्हणालो.

माउस खांद्यावर नेला.
चुण्या मोठ्या केल्या, आणखी मोठ्या,
नुसती घरं घरं दिसायला लागेपर्यंत.
एका घरात तांबूस ठिपका होता.
धूळ असेल. गेरू असेल.

तेवढ्यात लाइट गेली.
इन्व्हर्टर महिन्यापासून बिघडलेला.
पोरगं म्हणालं, थांबतो मी,
आणि अंधारात
स्टूल ओढल्याचा आवाज आला.