छाट

अर्जातला पंधरावा रकाना : भाषा. एकच निवडा.
मी थांबले.
नोंदवायचा होता खोकला.

बेळगावहून विद्यापीठाची गाडी निपाणीत शिरली
तेव्हा वखारींच्या गल्लीत ऊन तिरकं झालं होतं,
आणि तंबाखूचा तो वास, जो लहानपणी मला
वास वाटायचाच नाही,
हवा अशीच असते, वाटायचं.
मांडीवर सूप, पानावर कात्री,
बोटं माझ्याकडे न बघता आपापली वळत होती.
"काय आनलंयस गं हे?"
"फोन, रत्नव्वा. ह्यात खोकायचं."
हसल्या सगळ्या. हसता हसता
सगळ्यांनाच उबळ आली,
आणि मी रेकॉर्डिंग सुरू करायचं विसरले.

मग समजावलं, की मलावी नावाचा देश आहे,
तिथंही तंबाखू, तिथंही बायका,
तिथल्याही विद्यापीठात असा एक फोन.
दोन्हीकडचे खोकले मिसळून
यंत्राला ऐकायला शिकवायचं :
कुठला धुळीचा, कुठला क्षयाचा,
कुणाला आजच धाडायचं दवाखान्यात.
जैतुनबीनं विचारलं, "यंत्र कन्नड का मराठी?"
"खोकल्याला कसली आलीय भाषा?"
"तसं म्हनू नको. रेशनच्या अर्जाचंबी
असंच सांगितलं हुतं."

चारशे खोकले गेले त्या रात्री वर.
सकाळी उत्तर : एकशे बारा नामंजूर.
मागे कुकरची शिट्टी.
मागे कंडक्टरची हाळी, कागल कागल कागल.
मागे कुणाचं तरी लेकरू.
नियम लिहिणाऱ्यांच्या खोल्या
फार शांत असाव्यात.

"किती घेतले?"
"दोनशे अठ्ठ्याऐंशी."
"आनी बाकीचं?"
मी शब्द शोधत होते. रत्नव्वानंच दिला.
"छाट."
हजारात चाळीस बिड्या मुकादम बाजूला काढतो,
मजुरी कापतो,
आणि कापलेल्या बिड्याही घेऊन जातो.
"तुमच्या कारखान्यातबी हाय म्हना की.
तुमचं तरी परत देत्यात काय?"

मी काही पुसलं नाही.
'छाट' नावाचा एक फोल्डर केला,
आणि रात्री पडद्यावर चिकोंदीला दाखवला.
तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं होतं,
आमच्या शेजारी चिकोडी आहे, तालुक्याचं गाव,
तिथं कोर्ट आहे. ती म्हणाली,
आमच्या भाषेत ह्याचा अर्थ प्रेम.
तेव्हापासून स्टँडवर चिकोडीची पाटी लागली
की मी उगाच दोनदा वाचते.

तिच्याकडेही होता तसा ढीग.
पत्र्यावरचा पाऊस, कोंबड्या,
कुणाचा तरी रेडिओ, आणि त्यात
कुठंतरी खोल
एक बाई, छातीतून दोर ओढल्यासारखी.
हंचिनमनी सर म्हणाले, नियमात बसत नाही.
चहा संपल्यावर म्हणाले, करा. माझं नाव घालू नका.
दोन महिन्यांनी म्हणाले, घाला.

यंत्र गोंगाटात ऐकू लागलंय. थोडंसं.
अजून कुकरला दमा समजतं कधीकधी.

रत्नव्वाला ह्या सगळ्यातलं एकच विचारायचं होतं :
"तिकडं हजाराला काय देत्यात?"
अर्जात हा रकाना नव्हता.
चिकोंदीला विचारलं, तर ती गप्पच झाली.
तिच्या बायका सोमवारपासून तिच्या मागे लागल्यात
तोच प्रश्न घेऊन, फक्त हजाराऐवजी किलो.
आम्ही दोघींनी आकडे शेजारी शेजारी लिहिले
आणि बराच वेळ कुणी
त्यांची बेरीज केली नाही, वजाबाकीही.

काल रत्नव्वाच्या खोकल्यावर
यंत्रानं लाल ठिपका दिला.
लिहिलं : आज.
तिनं पानं पाण्यातून काढली, झटकली.
म्हणाली, शनवारी.
शनिवारी हिशोब असतो.