पिशवी क्रमांक सतरा

मंगळवारी आणि गुरुवारी मी नाक भाड्याने देते.
आदल्या रात्री लसूण नाही, सकाळी अत्तर नाही,
आत येण्याआधी अर्धा तास कॉफीसुद्धा नाही.
सर्दी झाली तर त्या दिवसाचा पगार बुडाला.
नाक मुरडायचं नाही, हेही बजावतात.
मुरडलेलं नाक मोजमापाच्या कामाचं नसतं.

आम्ही सहा जण यंत्राभोवती बसतो
काचेच्या शंकूत तोंड घालून,
गव्हाणीवर बांधल्यासारखे.
कुठल्याशा डुकरांच्या शेडमधली हवा,
पंख्याच्या तोंडाशी धरून भरलेली,
पिशवीत येते. पिशवीवर नाव नाही, फक्त आकडा.
आधी ती इतकी पातळ करतात
की त्यात वास आहे म्हणणं म्हणजे अफवा.
मग दर फेरीला जराशी दाट.
वास आला की बटण दाबायचं.
इतकंच.

परवाच्या गुरुवारी, सतरा नंबरला,
तिसऱ्याच फेरीत माझं बोट बटणावर गेलं.
बाकीचे पाच शांत.
चौथी फेरी. पाचवी.
सहाव्या फेरीत निवृत्त पाववाल्या हुबनं
घसा खाकरून बटण दाबलं.

मला जे आलं ते डुक्कर नव्हतं.
बाबांच्या कोटाची बाही होती,
मागच्या दाराच्या खुंटीवरची;
तिला घरात यायला आईची बंदी.
शाळेची बस होती, आणि तीत माझ्या शेजारची रिकामी सीट.
भर जानेवारीत, काही न बोलता,
खिडकी उघडणारे भूगोलाचे मास्तर.
आणि रोज रात्री दोनदा केस धुऊन
ओल्या डोक्यानं झोपणारी तेरा वर्षांची मी.

प्रयोगशाळेच्या रोझलिंडेनं मला बाजूला घेतलं:
तुझी उत्तरं इतरांपासून फार लांब गेली,
या पिशवीपुरती हिशेबातून वगळली.
वाईट वाटून घेऊ नकोस, सूत्रच तसं आहे.
नाही वाटत, मी म्हटलं.
एकटीलाच येतो त्याला वास म्हणत नाहीत.
सतरा कुणाची, ते मी विचारलं नाही.
विचारायचंही नसतं.

रविवारी दोरूसकडे गेले, पेलच्या सपाट रानात.
भावानं शेडमागे
लाकडाच्या साली, मुळ्यांचे तुकडे
खोलीभर उंच रचलेत.
सगळ्या पंख्यांची हवा आता त्या ढिगाच्या पोटातून जाते,
आणि आतले न दिसणारे जीव ती खातात.
"मी दोन कळप पाळतो," तो म्हणतो.
"बाराशे हे, आणि ते किती, देव जाणे.
कोरडे पडले की मरतात, फार भिजले की गुदमरतात.
डुकरं बरी, निदान ओरडतात तरी."
कोपरापर्यंत हात घालून तो ओल बघतो,
बाबा गाभण डुकरिणीच्या पोटावर
तळवा ठेवून उभे राहायचे, तसा.

"ये, घे वास. तुझं नाक प्रमाणित आहे."
मी वाकले.
अळंबी. कुजकी पानं. जुन्या होडीचा तळ.
पुन्हा वाकले. मग गुडघे टेकले,
हनुवटीला साली लागेपर्यंत.
बाही नव्हती. बस नव्हती.

कुंपणापलीकडे म्हाताऱ्या आलेइदानं
दोरीवर चादरी घातल्या होत्या.
नऊ वर्षं तिनं एक रुमाल बाहेर वाळवला नव्हता;
नगरपालिकेला पत्रं मात्र लिहिली,
सुरेख, वळणदार अक्षरात, दर महिन्याला एक.
तिनं हात हलवला. दोरूसनं तोंडभर हसून
चिखलाचा हात वर केला.

"बोल ना," तो मला म्हणाला. "किती?"
"काही नाही," मी म्हटलं. "काहीच येत नाही."
तो इतका खूश झाला की मला उचलूनच घेणार होता.
मी डोळे पुसले, नाक पुसलं.
सर्दी झालीय म्हणाले,
मंगळवारचा पगार गेला.