शीग

मनगट मोडून शालन चुलीसमोर पाटावर बसलीय,
एक हात गळ्यात अडकवून,
उरलेल्या हातानं हुकूम सोडत :
"चार शेर करवंदं. शेराला अर्धा किलो गूळ.
वही बघा की वो, नीलव्वानं सांगितलेलं लिहिलंय."

नीलव्वा शेजारची, माहेर बैलहोंगलचं.
ती कानडीत बोलली, हिनं मराठीत उतरवलं,
शेर तेवढा दोघींना सारखाच लागला, तसाच राहिला.
फळ मापानं, गूळ वजनानं.
एकतीस वर्षं मी वजनमाप खात्यात होतो.
असलं वाक्य दिसलं की लाल पेन काढायचो.

"शेर म्हणजे किती मिली?"
"शेर म्हणजे शेर. ठकूबाईचा."

ठकूबाई.
जांबोटीकडनं पहिल्या गाडीनं यायची,
खानापूरच्या बाजारात पोतं अंथरून बसायची,
टोपलीवर पळसाची पानं, बोटं चिकानं काळी.
तिचा पितळी शेर मी जप्त केला होता.
शिक्का नव्हता. बूड आत आलेलं,
ठोकलेलं की आपटलेलं, ते मी विचारलं नाही.
दंड पंचवीस रुपये.
तिनं अंगठा उठवला, तो कागद
खालच्या कागदाला चिकटला तो चिकटलाच.

माळ्यावरची ट्रंक उतरवली.
डायरीचं पान कसरीनं अर्धं नेलंय, आकडा शाबूत :
पितळी माप, एक. प्रत्यक्षात ८४० मिली.
लिटरला १६० कमी.

तेलाचा रिकामा डबा घेतला, मोजून पाणी ओतलं,
खिळ्यानं रेघ मारली, पत्रा कापला.
बोटही कापलं. त्याची कुठं नोंद नाही.

डबा भरला. वरून पट्टी फिरवली, नियमाप्रमाणं.
काटा म्हणाला पाचशे चार ग्रॅम.
शालन हसली. "असं सपाट कोण देतंय?
शीग कुठाय शीग?"

मग शीग लावली.
डाव्या हाताचा आडोसा धरून, एकावर एक,
घरंगळलेलं उचलून पुन्हा वर,
ठकूबाई लावायची तशी,
गिऱ्हाईक पुरे म्हणेपर्यंत, आणि त्यावर दोन.
सहाशे बावीस.

आता सरकारी लिटर काढला
(तो घरी कसा आला ते विचारू नका).
सपाट भरला, पट्टी फिरवली.
सहाशे एक.

मी काटा पुसला. पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच.
एकवीस ग्रॅम,
म्हणजे सात-आठ करवंदं,
दर शेरामागं जास्त.
त्या दिवशी पंचांसमोर मी हीच पट्टी फिरवली होती,
शीग पोत्यावर सांडली होती,
आणि पोरं वेचून पळाली होती.

"झालं काय गणित? गूळ चिरा आता."

लेकीला पुण्याला कळवलं :
करवंदं दोन हजार चारशे अठ्ठ्याऐंशी ग्रॅम, गूळ दोन किलो.
तिनं विचारलं, अठ्ठ्याऐंशी कशाला, बाबा?
उतू जायला आलं होतं, फोन ठेवला.

पातेल्यात सगळं खाली बसत गेलं,
शेर गेले, किलो गेले,
अडीच बरण्या उरल्या, जांभळ्याकाळ्या.
शालननं डाव्या हातानं चमचा चाटला.
"गूळ थोडा कमीच."

रात्री डायरी परत ट्रंकेत ठेवताना दिसलं,
पानाच्या उजव्या कडेला एक रकाना : शेरा.
तेव्हा मी तो कोरा सोडलेला.
पेन्सिल शोधली, लिहिलं :
शीग धरली नाही.
आणि खाली सही केली,
बोटाला अजून चीक होता,
डायरी मिटली ती आता उघडायची नाही बहुतेक.