पावतीत नसलेलं

गेंटहून आली. खोक्यात कापडी पिशवी, पिशवीत कागद, कागदात ही.
एवढं लपेटून आमच्या उब्रिकेत बाळंही घरी आणत नाहीत.
सोबत चिठ्ठी : रोज वापरते. माफ करा.

माफी कसली, बाई.
मागच्या महिन्यात माद्रिदहून एक आली होती,
एकोणीस वर्षं कपाटात, एकदाही न नेलेली.
वरून नवरीसारखी. आत हात घातला
तर अस्तर बोटांना चिकटून बाहेर आलं,
काकवीसारखं.
तिला काहीच करता आलं नाही.

हिचं सगळं कळतं.
मालकीण उजव्या खांद्याची.
मागची बाजू कोटाला घासून मऊ, कोटाची निळाई प्यालेली.
ट्राममध्ये पायाशी ठेवते : कोपरे चारही गेले, एक जरा जास्तच.
पट्टा हाताच्या तेलानं मधाचा होता होता
आता भाजलेल्या बदामाचा.
खिशात अर्धं बिस्किट, सांडलेली शाई,
आणि कागदाच्या पुडीत
कुणाचा तरी दुधाचा दात.
पुडी तशीच परत ठेवली.

कोपरे बसवले. कडांना मेण, वर गरम सळई.
शाई निघणार नाही, तसं लिहून टाकलं.
पट्टा उसवला, पुन्हा शिवला, दोन सुया, एक दोरा,
तेराव्या वर्षी शिकले तसाच.

मग वजनाची चाचणी.
त्यासाठी शिशाची वजनं आहेत, शिक्का मारलेली.
पण घरात काबुली चणे संपले होते.

चाळीस वर्षं मी यांचे पट्टे शिवतेय
आणि एकीलाही रस्ता दाखवला नव्हता.
एप्रन काढला. खांद्यावर घातली.

दोन किलो चणे, एक कोबी.
कासिल्दा तराजू सोडून बघत राहिली.
"लॉटरी लागली का गं, एउदोसिया?"
"कामावर आहे," म्हटलं.

येताना डोंगरावरून ढग खाली उतरला.
पोटाशी धरली, वर शाल टाकली,
तरी तीन थेंब. कुलपाच्या शेजारीच,
जिथे नजर आधी जाते.

थेंब पुसायचा नसतो. पुसला की घर करतो.
स्पंज पिळून सगळंच चामडं ओलं करायचं,
या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत, सारखं,
म्हणजे डागाला आपण डाग आहोत हे कळत नाही.
पोटात कागद भरून सावलीत ठेवायची.
रात्रभर काही मी जागले नाही.
दोनदा उठले.

सकाळी काही नव्हतं.
पावती केली : कोपरे चार. पट्टा एक. वजन तपासलं.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. छान झाली म्हणे.
फक्त तळाच्या घडीत एक चणा सापडला,
तो तुमच्याकडचा का?

हो, एवढंच लिहिलं.
टपालात टाकायला निघाले तर
हात सारखा खांद्याकडे जात होता,
काही घसरतंय का बघायला.