मार्ग क्रमांक सात

रात्रपाळी नसली की अकरानंतर
मी मस्कत जिंकून घेतो.
जड काम नाही. दोन गलबतं, एक तोफ,
आणि दाऊदचा चार्जर, कारण माझा सैल झालाय.

मग खरं काम : मार्ग आखणं.
बंदरावर बोट ठेवायचं, निळ्यातून रेघ ओढत न्यायची,
दुसऱ्या बंदरावर सोडायची. टक् आवाज येतो,
कडी बसल्यासारखा.
मस्कतहून चौलला घोडे, खजूर, सुकी लिंबं.
चौलहून मिरी, तांदूळ, कापडाचे गठ्ठे.
होर्मुझला थांबा, जकात द्या, पुढे व्हा.
‘आपोआप’वर खूण केली की
जहाजं फिरत राहतात घाण्याच्या बैलासारखी
आणि मी कांदा चिरायला मोकळा.

दिवसा मी सोहार बंदरात टॅली लिहितो.
कंटेनरचा नंबर, सील, वेळ, सही.
चुकलेल्या आकड्याचा मला लांबूनच वास येतो.
म्हणून खेळातही माझी वखार तुंबत नाही,
एकही जहाज रिकामं परतत नाही.
राजा कर वाढवतो, मी भरतो.
राजा खलिता पाठवतो : शाब्बास.

दाऊद मुकादम, हर्णैचा, टगबोटीवर खलाशी,
वरच्या खाटेवरून वाकून बघतो.
हे घोडे किती दिवस असतात रे गलबतात?
म्हटलं, तीन चाली.
तीन चाली म्हणजे?
म्हटलं, वारा असेल तर दोन.
तो जरा वेळ गप्प.
“मंग त्यानला पानी कोन पाजतो?”

मी सगळे तक्ते उघडून पाहिले.
लाकूड आहे, दोरखंड आहे, तोफेची दारू आहे.
खलाशी म्हणजे एक आकडा, बारा.
वादळात आठ होतो,
बंदरात पैसे टाकले की पुन्हा बारा.
पाणी नाही.
एवढा समुद्र रंगवलाय, पिण्याजोगा थेंब नाही.

मत्रहचा धक्का आठवला.
अकरा वर्षं तिथं उभा होतो,
मागे डोंगरावर पोर्तुगीजांचा बुरूज, समोर क्रेन.
पाचच्या ठोक्याला चंद्रन किटली घेऊन यायचा,
साऱ्या धक्क्याची उधारी त्याला तोंडपाठ.
मग एक दिवस कागद आला :
मालाची जहाजं यापुढे सोहारला.
इथे फक्त प्रवासी. पांढरी जहाजं, दिव्यांच्या माळांची.
पगार तोच. बस सकाळी सहाला.
कागदात वाईट असं काहीच नव्हतं.
आता वाटतं, कुणीतरी एका थंड खोलीत
रेघ इथून उचलली असेल,
तिथे सोडली असेल.
टक्.
चंद्रनच्या उधारीचं काय झालं,
मी विचारलंच नाही. माझेही त्यात साडेतीन रियाल होते.

काल सातव्या मार्गावरचं एक गलबत सोडवलं.
माल उतरवला. हर्णै शोधलं.
नकाशात तिथे नुसता किनारा,
नाव नाही, धक्का नाही.
‘इथे नांगर टाकता येत नाही,’ खेळ म्हणाला.
तरी नेलं. काठापासून बोटभर उभं केलं.
दर चालीला दोन मोहरा खर्ची पडतात,
समोरच्या रकान्यात जमा काही नाही.
टॅलीवाल्याला ही गोष्ट झोपू देत नाही.

दाऊदला दाखवलं.
त्याने बनियनला चष्मा पुसला, नीट पाहिलं.
“जरा उत्तरंला घे,” म्हणाला,
“खडक हाय तिथं.”