सव्वीस दिवसांचं पंचांग

नासपतीचं लाकूड वर्षभर पाण्यात मुरवावं लागतं,
मग वर्षभर सावलीत.
एवढा वेळ त्याच्या राज्याला मिळाला नाही.

वेढ्याची बातमी आली
तेव्हा थोरल्या सम्राटाला एकाएकी तीर्थाटन आठवलं.
धाकट्याला झोपेतून उठवून पिवळा झगा चढवला.
बाह्या लांब होत्या म्हणे, टाके घालायला वेळ नव्हता,
दोन खोजे त्या उचलून धरून उभे राहिले.

आमच्या छापखान्यात रात्रीच हुकूम आला :
नव्या राज्याचं नवं नाव, नवं पंचांग,
पाच हजार प्रती, परवा पहाटेच्या आत.
नाव होतं 'अखंड सुगी'.
बाजरी तेव्हा चौपट भावाने जात होती
आणि तटाबाहेर उत्तरेचे घोडे
आमचाच उभा गहू खात होते.

मी अक्षरं उलटी कोरतो. जन्मभर उलटीच वाचत आलो.
'सुगी'च्या शेवटच्या फटकाऱ्यावर छिन्नी घसरली,
तिळाएवढी.
उस्ताद लुओ चिहेंगनी दिवा जवळ नेला, मग लांब नेला,
म्हणाले, "शाई जरा दाट लाव."
अशा चुकीला पूर्वी बोटं तोडत.
सव्वीस दिवस मी रोज निजताना बोटं मोजली.

सत्ताविसाव्या दिवशी वेशीचे दरवाजे उघडले.
आतून.

त्यांनी सगळं नेलं : राण्या, घंटा, नकाशे,
दात काढणारा वैद्य, पाणघड्याळ दुरुस्त करणारे दोघे भाऊ.
बैलगाडीत तो पाठमोरा बसला होता, शहराकडे तोंड करून.
भाजीवाल्या म्हातारीने मुळा पुढे केला.
त्याने तो खाल्ला, पाल्यासकट, मातीसकट.

आम्ही फळी रंध्याने तासली.
नवं नाव कोरलं. लाकूड तेच, जरा पातळ.

अकरा वर्षांनी शी गुआनताय नावाचा उंटवाला
मिठाची पुडी देऊन गेला.
पुडीचा कागद आमच्या छापखान्याचा.
तारखांच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरांत :
वारा.
वारा.
विहीर गोठली, दोर आत अडकला.
मेंढी व्याली, दोन.
आज कुणी जुन्या नावाने हाक मारली. वळलो नाही.
वारा.
वर्ष संपलं की तो पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू करायचा,
जुन्या ओळींच्या फटींतून, आणखी बारीक,
शेवटी शेवटी नुसते ठिपके.

आणि वर, मथळ्यात,
'सुगी'चा तो शेवटचा फटकारा
काजळीने नीट केलेला होता.

म्हणजे त्याला दिसलं होतं.
बहुतेक पहिल्याच सकाळी दिसलं असणार,
प्रत समोर आली तेव्हा,
बाह्या दुसऱ्यांच्या हातांत असताना.
बोलला नाही.

मीठ मी बरणीत ओतलं.
दहाही बोटांनी कागद उजेडात धरला,
पाठीमागून,
मला वाचता येतो तसा.