मोड

लाबे नदीच्या वरच्या उतारावर, रुळांना लागून
आमच्या भाजीबागा. चिंधीएवढी जमीन,
पत्र्याची खोली, पाण्याचं पिंप, भांडायला एक शेजारी.
माझ्या वाट्याला दोब्रोमिला आली. चाळीस वर्षं
नगरपालिकेच्या उद्यानात होती. निवृत्त झाली तेव्हा
घरी आणली एक बोथट कात्री
आणि पेरांतली माती, जी अजून निघत नाही.

मी सिग्नलच्या केबिनमध्ये, रात्रपाळीला.
पुस्तकं वाचून तीनदा घरी बिअर केली.
पहिली आंबट.
दुसरी फुटली, तळघरात, पहाटे, सात बाटल्या.
तिसरीचा तिनं एक घोट घेतला, बोलली नाही,
उरलेली बशीत ओतून कोबीच्या वाफ्यात ठेवून दिली.
सकाळी बशीत अकरा गोगलगायी.
"त्यांना आवडली," म्हणाली.

मग विचारलं, पाणी कुठलं?
नळाचं.
"त्या नळावर माझी हायड्रेंजिया
तीस वर्षं निळी व्हायला तयार नाही. चुना आहे.
मी मुळाशी कॉफीचा चोथा टाकते.
तू दाणे कॉफीसारखे भाज, फिकट बिअरचा हट्ट सोड."
माझ्या पुस्तकात याला एकोणीस पानं होती.

एप्रिलमध्ये कुंपणावरच्या हॉपला वीस कोंब फुटले.
मी हरखलो. तिनं सतरा कापले.
उरलेले दोरीवर चढवले, सूर्य फिरतो त्या अंगानं.
एक मी उलटा गुंडाळला होता;
तो रात्रीतून सुटला आणि आपला आपण सरळ झाला.
ऑगस्टच्या अखेरीस ती बोंडं कानाशी धरून चुरगाळायची.
"ओलं बोलतंय अजून." "अजून."
मग एका दुपारी कागद वाजला.

जव बटाट्यांच्या शेजारच्या पट्टीतले.
भिजवले, उपसले, पुन्हा भिजवले.
(बीसुद्धा श्वास घेतं रे, बुडवून काय ठेवतोस.)
खोलीच्या फरशीवर पसरले, दिवसातून दोनदा हातानं परतले.
चौथ्या दिवशी खोलीभर काकडीचा वास,
दाण्यादाण्याला पांढरी मिशी.
ती गुडघे टेकून नखानं साल सोलायची:
कोंब अर्ध्यावर. थांब.
पाऊण. आता.

आता काय, तिनं विचारलं.
आता भट्टी, मी म्हणालो. आता मारायचे.

ती उठली नाही.
मोड आले की मोडायचे, इतकंच तर लिहिलेलं असतं.
पण खाली सगळे तिच्याकडे बघत होते,
फरशीला माती समजून बसलेले.
"विरळणी वेगळी," ती म्हणाली, "तिथं
एकाचं काढून दुसऱ्याला देते मी. इथं कुणाला?"
यीस्टला.
"दिसतं ते?"
नाही.
बराच वेळ. खालून मालगाडी गेली, बेचाळीस डबे, मी सवयीनं मोजले.
"न दिसणाऱ्याला घालायचं म्हणजे पेरणीच की,"
म्हणाली, आणि काडी तिनंच ओढली.

पुढचं सगळं वाफेचं: वाफ्यातलं पातेल्यात,
पातेल्यातलं पिंपात, पिंपावर झाकण.
मी दिवसातून चारदा झाकण उचलायचो.
तिनं खुरप्याच्या मुठीनं हातावर मारलं.
"गाजर वाढलं का बघायला रोज उपटतोस?
पी हळद नि हो गोरी असं नसतं, बाबा."
पिंप रात्री बोलायचं. बुड्. बुड्.
केबिनमधल्या जुन्या घड्याळापेक्षा सावकाश.

नोव्हेंबरात पहिली बाटली उघडली.
काळी, करपट, शेवटाला जरा गवत.
ती म्हणाली, "बरी आहे." मग अर्ध्या तासानं,
"हॉप चार दिवस आधी काढायला हवा होता."
चोथा मी खताच्या ढिगावर टाकून आलो,
तो हातभर धुराळला.

परतताना ती उंबऱ्याशी अडखळल्यासारखी झाली.
फटीत, भट्टी चुकवून राहिलेला एक दाणा,
दोन बोटं हिरवा, नको त्या महिन्यात.
थंडी चार दिवसांवर आली होती, तिला ते माहीत होतं.
तिनं पाय उचलून पलीकडे टाकला
आणि मला म्हणाली, खाली बघ, धांदरटा.